लिंडसाहेबांचे गुडघे

"बाई, मेलेल्या माणसाचं गुडघं आजून किती दिस चोळायचं?" गिताबाईनं विचारलं, आणि अनसाबाईच्या मुठीतला रबरी फुगा दाबलेला तसाच राहिला. निमोण्याच्या समाजमंदिरात गुरुवारची नेहमीची गडबड होती. दौंडच्या चर्चची व्हॅन दर पंधरा दिवसांनी इथं येते, एका कोपऱ्यात शिलाई मशिनं खडखडतात, दुसऱ्या कोपऱ्यात अनसाबाई बीपीचा पट्टा घेऊन बसते आणि तिच्यापुढं बायांची रांग लागते. रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काढलेली बाई. पट्टा बांधायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी त्याच विद्येवर निमोण्यात तिला निम्मी डॉक्टरीण समजत. तर पट्टा गिताबाईच्या दंडावर टम्म फुगलेला, काटा दोनशेच्या वर थरथरत उभा, आणि अनसाबाई त्या काट्याकडं बघत बसलेली. कोण मेलं, असंही तिनं विचारलं नाही. ती एकाच माणसाच्या गुडघ्यांसाठी देवाकडं मागत होती, आणि ते निमोण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. "आवं सोडा की, हात तुटंल माझा," असं गिताबाई म्हणाली तेव्हा कुठं तिनं फुग्याची किल्ली सैल केली. आकडा किती आला ते तिला सांगता येईना. पट्टा पुन्हा बांधावा लागला.

गिताबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. धनगराची म्हातारी ती, तिच्या पोटात काही राहत नाही आणि ओठांवर आलेलं परत जात नाही. महिन्यापूर्वी अनसाबाई तापानं पडली होती, तेव्हा स्वतःची तब्येत बरी नसतानाही पट्टा घेऊन तिची मैत्रीण सरूबाई आली होती. गिताबाईनं आपलं सहज विचारलं, त्या मेंढरंवाल्या सायबाचं काय नवं-जुनं? आणि सरूबाई बोलून गेली की साहेब जाऊन वर्ष उलटलं, पण अनसाला सांगू नका. महिनाभर गिताबाईनं ते जपलं, म्हणजे तिच्या मानानं खूपच जपलं. आता मात्र तिला राहवेना, कारण तिच्या हिशेबी गेलेल्याला सारखी हाक मारली की तो वाटेत अडतो, मागं वळून वळून बघतो, आणि त्याचे हाल होतात. हे सगळं तिनं खालच्या आवाजात समजावून सांगितलं, आणि अनसाबाईचा चेहरा बघून घाईघाईनं पुढं म्हणाली, "आन् येक सांगू का? तुमचं मागणं बी न्हाई पटलं मला. आमी बिरोबाला अख्खा कळप मागतो. येका मेंढराचा पाय न्हाई मागत."

अनसाबाईनं आकडा कागदावर लिहिला, मीठ कमी खा म्हणाली, पुढच्या बाईला खूण केली. अजून अकरा दंड होते. अकराही दंडांना तिनं पट्टा नीट बांधला. सवयीचे हात असले की माणसाचं मन कुठंही जायला मोकळं राहतं, आणि तिचं मन सात वर्षं मागं, मिशन रविवारच्या पितळी ताटाशी जाऊन बसलं. दौंडच्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ही जुनी चाल आहे. वर्षातून एका रविवारी वेदीपुढं ताट ठेवतात, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर कुठल्यातरी दूरदेशी काम करणाऱ्या सेवकाचं नाव, आणि प्रत्येक घरानं एक उचलायची. वर्षभर त्या घरानं त्या माणसासाठी प्रार्थना करायची. शेजारच्या शेंडे आळीचं नाव धड ठाऊक नसलेल्या बाया अशा कुणाकुणासाठी टांझानियात नि पेरूत मध्यस्थी करत असतात. याला कुणी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणो, पण त्या मनापासून हाकतात. त्या वर्षी अनसाबाईच्या हाताला लिंडसाहेब लागले. देश नॉर्वे, काम मंगोलियात, मेंढपाळांच्यात. आणि खाली विनंतीची एक ओळ: गुडघ्यांचा त्रास आहे, घोड्यावर बसता येत नाही.

आता हे कळायला हौशीरामचं सांगायला हवं, आणि ते सांगायला अनसाबाईला अजूनही आवडत नाही. हौशीराम तिचा नवरा, लोकोशेडमध्ये फिटर, हसला की समोरच्याला उगीच वाटायचं आपणच काहीतरी विनोदी बोललो. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि चाळीस दिवसांत तो गेला. त्या चाळीस दिवसांत अख्खी मंडळी प्रार्थनेला उभी होती. साखळी लावली होती, तासातासानं एकेक घर. अनसाबाईनं उपास धरले. दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसून तिनं त्याचा जीव मागितला, आणि मागताना तिला मनापासून वाटत होतं की मिळणार. लोकांनी सांगितलं होतं, अंगात शांती आली म्हणजे उत्तर आलं. तिच्या अंगात अशी शांती आली होती की तिनं त्याचे बाहेर जायचे कपडे इस्त्रीला टाकले. तेच कपडे त्याला पेटीत घातले. त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी चर्चमध्ये गेली, गीताचं पुस्तक धरलं, ओठ हलवले. आवाज नव्हता. घरी जेवणाआधी डोळे मिटायची आणि मनात आकडे म्हणायची, वीसपर्यंत, की झाली प्रार्थना. चर्चच्या पाळकांना ठाऊक नव्हतं, तिच्या लेकीला ठाऊक नव्हतं. एका सरूबाईला ठाऊक होतं, कारण सरूबाई शेजारच्या बाकावर बसायची आणि तिचे कान बालवाडीत जन्म गेलेल्या बाईचे; कोण खरंच म्हणतंय नि कोण नुसतं तोंड हलवतंय, हे तिला पाठमोरंही कळायचं.

आणि मग हे गुडघे आले. चिठ्ठी वाचताना अनसाबाईला चक्क हसू फुटलं होतं. देवाकडं जीव मागणं ही जोखीम होती, तिनं ती एकदा घेतली होती आणि बुडाली होती, पण गुडघे? गुडघे मागायला काय जातं? माणूस परका, सात समुद्रांपलीकडचा, मागणंही आपलं किरकोळ. मिळालं तर बरं, न मिळालं तर आपल्या घरात काही कोसळत नाही. त्या शुक्रवारी स्त्री मंडळाच्या सभेत ती उभी राहिली आणि दोन वर्षांनी तिचा आवाज बाहेर आला, खरखरीत, गंज धरलेला. तिनं फक्त एवढंच मागितलं, की लिंडसाहेबांना घोड्यावर बसता यावं. तीन महिन्यांनी परदेशातून पत्रक आलं, पाळकांनी ते मराठी करून वाचलं: लिंडसाहेब घोड्यावर बसू लागले. बायांनी टाळ्या वाजवल्या. अनसाबाई घरी येऊन मोरीत जाऊन रडली, आनंदानं का रागानं ते तिला आजही सांगता येत नाही. एका परक्या माणसाचे गुडघे देतोस, आणि माझा हौशीराम देत नाहीस? पण बोलणं सुरू झालं होतं. दर मिशन रविवारी सगळ्या चिठ्ठ्या बदलायच्या, अनसाबाई मात्र म्हणायची, माझी मला राहू द्या. पत्रकातले फोटो ती निमोण्याला न्यायची. तिथं धर्माचं काही बोलायचं नाही, फक्त बीपी नि शिलाई, असा पाळकांचा दंडक होता. पण मेंढरं काही धर्मात येत नाहीत. बिरदेवला, म्हणजे गिताबाईच्या मुलाला, रांजणगावला कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं मेंढरं विकून टाकली, तेव्हापासून गिताबाई मेंढरांची भुकेली. मंगोलियातल्या गोल तंबूंचा फोटो बघून ती म्हणाली होती, ह्यो तर मेंढरांचा वाडाच हाय आमचा. जाड शेपटीची ती मेंढरं तिनं बोट लावून एकेक मोजली होती.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये पुढं पाळक सत्यजीत गाडी चालवत आणि शेजारी अनसाबाई. मागं शिलाईवाल्या दोघी न्हावरे यायच्या आतच पेंगायला लागल्या. पाळक बत्तीस वर्षांचे, सेमिनरीतून पहिल्या वर्गात आलेले, आणि अनसाबाईला मावशी म्हणत. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं की लिंडसाहेब गेले ते तुम्हाला ठाऊक होतं का. पाळकांनी उगाच गिअर बदलला.

"होतं, मावशी. चौदा महिने झाले."

"आणि दर शुक्रवारी आमेन म्हणत होता."

"म्हणत होतो."

"मेलेल्या माणसासाठी."

"परीक्षेत असं लिहिलं असतं तर मला नापास केलं असतं," पाळक म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. कॅथलिक लोक मृतांसाठी विनंती करतात. यांच्या मंडळीत ते चालत नाही, माणूस गेला की त्याचा निकाल देवापाशी, मागून अर्ज करायचा नाही. आणि चौदा महिने अठरा बाया नि एक पहिल्या वर्गातला पाळक मृत माणसाच्या गुडघ्यांवर आमेन म्हणत होते. पाळकांनी मग सगळं सांगितलं. मेल आला त्या दिवशी ते आधी सरूबाईंकडं गेले होते. सरूबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, सांगू नका. तिचं तोंड उघडायला दोन वर्षं लागलीत, पाप काय लागायचं ते मला लागू द्या. मग त्यांनी एकेक घर फिरून सगळ्या बायांना ताकीद दिली. अनसाबाईनं शेवटी एवढंच विचारलं, कशानं गेले? "हृदय बंद पडलं," पाळक म्हणाले. "घोड्यावरून उतरले, आणि दारातच. गुडघे शेवटपर्यंत चांगले होते, असं मुद्दाम लिहिलंय त्यांच्या पत्नीनं."

पारगावचा पूल आला, खाली भीमेचं पाणी हिरवट, संथ. अनसाबाईला आधी राग आला तो या सगळ्यांचा. आपलं हसू झालं. आपण उभं राहून डोळे मिटून बोलायचं आणि अठराजणींनी एकमेकींकडं बघायचं. एकदा तर तिनं लिंडसाहेबांसाठी थंडीचे मोजे मिळावेत म्हणूनही मागितलं होतं, तेव्हा सगळ्यात मोठा आमेन सरूबाईचाच होता. लबाड बाई. पण केडगावपर्यंत हा राग टिकला नाही, कारण सरूबाईवर राग धरायचे दिवस हे नव्हते. सरूबाईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. येत्या मंगळवारी पुण्यात ऑपरेशन होतं, छाती उघडून. तीन महिने सगळ्या बाया तिच्यासाठी प्रार्थना करत होत्या, आळीपाळीनं, नावं घेऊन. आणि अनसाबाईनं, तिच्या चाळीस वर्षांच्या मैत्रिणीनं, अजून एक शब्द काढला नव्हता. तिनं सरूबाईची बॅग भरली होती. रिपोर्ट लावून पिशवीत ठेवले होते, गाऊन शिवून आणले होते, पुण्याच्या खोलीची सोय केली होती. हातांनी करण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. पण शुक्रवारी तिची पाळी आली की ती उठायची आणि मंगोलियाला जायची. सरूबाई समोर बसलेली असायची, ओठ निळसर पडलेले, आणि एकदाही म्हणाली नाही की अनसे, माझ्यासाठी पण माग की गं.

केडगाव मागं पडलं. तिथल्या जुन्या मिशनमध्ये तिची आई वाढली होती, आणि आईनं तिला प्रार्थनेचा क्रम शिकवला होता: आधी लांबच्यांसाठी, मग जवळच्यांसाठी, मग स्वतःसाठी. अनसाबाईला वाटलं, आपण सात वर्षं पहिल्याच पायरीवर बसून आहोत. वर चढायचं नाव नाही, कारण वरच्या पायरीवर तिनं हौशीराम गमावला होता. तिला वाटलं होतं देवाशी आपण हुशारीनं वागतोय. लांबचं माणूस धरायचं, लहानसं मागायचं, म्हणजे लागणार नाही. सात वर्षं तिनं गुडघ्यांवर पहारा दिला आणि चोर भलत्याच दारानं आला. हृदयाचं कुणी काही मागितलंच नव्हतं. ही गोष्ट इतकी साधी होती. आणि तो परका माणूसही परका राहिला नव्हता. पाटस येईपर्यंत ती त्याच्यासाठी रडत होती, पदर तोंडाशी धरून, ज्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता अशा माणसासाठी. पाळकांनी गाडी रसवंतीपाशी थांबवली आणि तिला न विचारता रस आणला. तिनं तो प्यायला. रस चांगला थंड होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि सभा सरूबाईच्याच घरी, कारण तिला फार चालवत नव्हतं. सकाळपासून अनसाबाईनं तीनदा ठरवलं की जायचं नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवावा. घर झाडलं, झाडलेलं परत झाडलं. भीती कसली होती ते तिला नीट ठाऊक होतं. मागितलं आणि सरू गेली, तर यावेळी तोंड कायमचं मिटणार, आणि ते उघडायला सूप खाली ठेवून उठणारी सरूही असणार नाही. आणि न मागता सरू गेली तर? तर हे हात आयुष्यभर बॅगच भरत राहणार. चार वाजता तिनं चपला घातल्या.

खोलीत सतरंजीवर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. पाळकांनी बहुधा रात्रीच सगळ्यांना फोन केले असावेत, कारण अनसाबाई आत आली तशी प्रत्येकीला एकदम काहीतरी काम सुचलं, कुणी पुस्तकात पान शोधू लागली, कुणी पंखा वाढवला. सरूबाई कॉटवर उशीला टेकून बसली होती. तिनं अनसाबाईकडं बघितलं आणि चोरी पकडलेल्या पोरीसारखी नजर खाली घातली. अनसाबाई तिच्याशेजारी कॉटवर जाऊन बसली, इतकी जवळ की सरूबाईला सरकावं लागलं. गीत झालं, वाचन झालं. दोघीतिघींनी प्रार्थना केली. मग नेहमीसारखी अनसाबाईची पाळी आली आणि ती उठून उभी राहिली. बाहेर रेल्वेच्या यार्डात शंटिंगची धडधड चालू होती.

"दयाळू पित्या," अनसाबाईनं सुरुवात केली. प्रार्थनेची तिची भाषा एरवी पुस्तकी असायची. "लिंडसाहेब चौदा महिन्यांपूर्वी तुझ्याकडे आले. तुला ते माहीतच आहे, मला काल कळलं. त्यांचे गुडघे तू शेवटपर्यंत चांगले ठेवलेस, त्याबद्दल तुझे आभार मानते. त्यांच्या पत्नीला सांभाळ. आणि या माझ्या बहिणी माझ्यासाठी चौदा महिने खोटं आमेन म्हणत राहिल्या, त्याची शिक्षा त्यांना करू नको. असं प्रेम मला दुसरीकडं कुठं मिळालं असतं?"

कोपऱ्यात कुणीतरी हुंदका दिला. बायांना वाटलं संपलं, दोघीतिघींनी आमेन म्हणायला तोंड उघडलंही, पण अनसाबाई बसली नाही. ती उभीच होती, डोळे घट्ट मिटून. पंखा तीन-चार वेळा करकरला. पुन्हा बोलली तेव्हा पुस्तकातली भाषा गेली होती, घरातली आली होती.

"आता सरू. मंगळवारी तिची छाती उघडणार हायेत. झडपेचं मी काही बोलत न्हाई, झडप डॉक्टर बघतील. मला सरू पाहिजे. कुरकुर करती तशी, माझ्या कालवणाला नावं ठेवती तशी, अख्खी. मी घाबरलीय. म्हणून तीन महिनं तुझ्यापुढं तिचं नाव काढलं न्हाई. तू मागच्या खेपेला काय केलंस ते मी इसरले न्हाई, आन् तू बी इसरू नको. तरी मागतेय. तुझ्याबिगर मागायचं कुणाकडं?"

इथं एक ठरलेलं वाक्य येतं. आजारी माणसासाठी प्रार्थना करणारा प्रत्येकजण ते म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि मग आमेन. दवाखान्याच्या व्हरांड्यात अनसाबाईनं चाळीस दिवस ते न चुकता म्हटलं होतं, एकदाही गाळलं नव्हतं. बाया डोळे मिटून त्या वाक्याची वाट बघत राहिल्या. शेवटी पाळकांनी एक डोळा उघडला. सरूबाईनं दोन्ही उघडले होते आणि ती मान वर करून मैत्रिणीकडं बघत होती, गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"एवढ्या वेळेला," अनसाबाई म्हणाली, "माझ्या इच्छेप्रमाणं होऊ दे."